अंगावर चिंध्या, पण कुणाचं देणं नाही: गाडगेबाबांच्या काटकसरीची गोष्ट

गाडगेबाबा म्हटलं की सगळ्यांना आधी खराटा आठवतो. ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या चित्रात खराटा, शाळेतल्या जयंतीच्या फोटोत खराटा. २००० साली राज्य सरकारने त्यांच्या नावाने ग्रामस्वच्छता अभियान सुरू केलं, तेव्हापासून तर बाबा आणि खराटा हे समीकरणच होऊन बसलं. पण बाबांच्या दुसऱ्या हातात एक फुटकं गाडगं होतं आणि अंगावर ठिगळं जोडून शिवलेलं कापड होतं. खराटा गावाने उचलला. गाडगं आणि ठिगळं मात्र चित्रातच राहून गेली. खरं पाहिलं तर त्या माणसाची अर्धी शिकवण त्या गाडग्यात आणि त्या ठिगळांत होती.

बाबांचा जन्म २३ फेब्रुवारी १८७६ चा, अमरावती जिल्ह्यातल्या अंजनगाव सुर्जी तालुक्यातल्या शेंडगावचा. नाव डेबूजी झिंगराजी जाणोरकर. आईचं नाव सखुबाई. जात परीट. कापड कसं विरतं, कुठून आधी फाटतं, त्याला दंड कुठे घालावा, हे परटाच्या पोराला वेगळं शिकवावं लागत नाही.

घर तसं अगदीच रिकामं नव्हतं. पण वडील दारूच्या नादी लागले. त्या काळी घरात काही कार्य निघालं, नवस फेडायचा असला, की बकरं कापायचं आणि दारू पाजायची, अशी रीतच होती. जो जास्त पाजेल त्याचं नाव जास्त. झिंगराजी या रिवाजात पुरते बुडाले. होतं नव्हतं ते गेलं, तब्येत गेली आणि माणूसही गेला. डेबू तेव्हा जेमतेम आठ वर्षांचा होता. लेकराला घेऊन सखुबाई माहेरी आल्या, मूर्तिजापूर तालुक्यातल्या दापुऱ्याला.

दापुऱ्यात आजोबा हंबीरराव आणि मामा चंद्रभान यांची चांगली शेती होती. डेबू आधी गुरं राखायला लागला, मग औत धरायला शिकला. पोहण्यात पटाईत, कामाला वाघ आणि रात्री भजनात पुढे. शाळेचं तोंड मात्र पाहिलं नाही. पुढे आयुष्यभर या माणसाने पोरांना शाळेत घाला म्हणून गावोगावी ओरड केली, तिचं मूळ इथेच आहे.

कारण दापुऱ्यात जे घडलं ते अक्षर न येण्यामुळेच घडलं. मामांनी सावकाराकडून कर्ज काढलं होतं. हप्त्याहप्त्याने पैसे भरले, पण पावती घ्यायचं काही सुचलं नाही. सावकाराच्या वहीत काय लिहिलंय हे वाचता येत नव्हतं, आणि कागदावर अंगठा उठवायला तर काही लागत नाही. घरच्यांना वाटत होतं कर्ज फिटत आलं. एक दिवस कळलं की वहीत ते वाढतच गेलंय आणि जमीन सावकाराकडे निघाली आहे. मामांनी याची एवढी हाय खाल्ली की त्यातच ते गेले.

सावकार शेताचा ताबा घ्यायला आला तेव्हा तरणाबांड डेबूजी औत सोडून बाजूला झाला नाही, त्याने सावकाराच्या माणसांना तोंड दिलं, असं बाबांचे चरित्रकार सांगतात. ही गोष्ट ऐकताना छाती फुगते हे खरं. पण त्या घराचं झालेलं नुकसान एका दिवसाच्या धाडसाने भरून निघणारं नव्हतं. आधी बाप दारूने आणि बडेजावाने गेला, मग मामा कर्जाने गेला. डेबूजीने विशीच्या आसपासच दोन घरं डोळ्यांदेखत बसताना पाहिली. पुढे त्याने कमी खर्चाचा जो ध्यास घेतला त्यामागे वैराग्य होतंच, पण त्याहून जास्त हे पाहिलेलं होतं.

१८९२ साली डेबूजीचं लग्न कुंताबाईंशी झालं. काही वर्षांनी मुलगी झाली, आणि बारशाला बिरादरी जमली. रिवाजाप्रमाणे सगळ्यांना दारू आणि मटणाची वाट होती. डेबूजीने पानात वाढलं गोड जेवण. ना दारू, ना बकरं. पाहुणे नाराज झाले, कुरबूर झाली, जातीची रीत मोडली म्हणून बोलही लागले असणार. आजही एखाद्याने साखरपुड्यात नुसता चहा-पोह्यांवर कार्यक्रम उरकायचं ठरवलं तर भावकी काय म्हणते ते आठवून पाहावं, म्हणजे सव्वाशे वर्षांपूर्वीच्या वऱ्हाडात ही गोष्ट किती अवघड होती हे कळेल. भाषण देणं सोपं असतं. स्वतःच्या घरच्या कार्यात पानं वाढताना रीत मोडणं कठीण.

१ फेब्रुवारी १९०५ च्या पहाटे डेबूजीने घर सोडलं. वय अठ्ठावीस. मागे म्हातारी आई, बायको, लेकरं. पुढची बारा वर्षं हा माणूस पायी फिरत राहिला.

या काळातच त्यांचा तो वेश ठरला. रंगीबेरंगी चिंध्या जोडून शिवलेलं कापड अंगावर. एका कानात कवडी, दुसऱ्या कानात फुटक्या बांगडीची काच. पायात फाटकी पायताणं. हातात खराटा, आणि दुसऱ्या हातात किंवा डोक्यावर फुटक्या मडक्याचं खापर. लोकांनी त्या वेशावरूनच नावं पाडली. कुणी चिंधेबुवा म्हणे, कुणी गोधडे महाराज, कुणी गाडगेबुवा. शेवटी गाडगेबाबा हेच नाव टिकलं. डेबूजी जाणोरकर हे नाव आज प्रश्नमंजूषेपुरतं उरलंय.

त्या खापराकडे जरा नीट पाहण्यासारखं आहे. भाकर मिळाली की ती त्यात घेऊन खायची, म्हणजे ते ताट झालं. त्यातच पाणी प्यायचं, म्हणजे गडू झाला. ऊन लागलं, पाऊस आला की पालथं करून डोक्यावर ठेवायचं, म्हणजे टोपीही झाली आणि छत्रीही झाली. ज्या वस्तूला गावात कुणी उकिरड्यावर टाकलं असतं, तिच्यातून एका माणसाचा संसार निघत होता. चोर नेणार नाही, हरवलं तर दुःख नाही, फुटलं तर कुंभाराच्या आव्यापाशी दुसरं खापर पडलेलंच असतं.

चिंध्यांचंही तसंच. जुन्या घरांत कापड कधी फेकलं जात नसे. लुगडं विरलं की चांगला भाग काढून त्याला दंड घालायचे. तेही झिजलं की लेकरांची झबली आणि दुपटी व्हायची. मग थर लावून गोधडी किंवा वाकळ शिवायची. वाकळ फाटली की तिचं पायपुसणं व्हायचं, आणि अगदी शेवटी चुलीपुढचं पोतेरं. एकाच कापडाला चार-पाच जन्म मिळायचे. हे सगळं घरातल्या बायांच्या सुईने चालायचं आणि त्याचं कुणाला कौतुकही नव्हतं. बाबांनी नवीन काही शोधून काढलं नाही. गरिबाच्या घरात जे लाजून झाकून ठेवलं जायचं ते त्यांनी उघडपणे अंगावर घातलं आणि चारचौघांत उभे राहिले. ठिगळाची लाज वाटायचं कारण नाही, लाज वाटायची तर देण्याची वाटावी, हे त्यांचा वेशच सांगत होता.

गावात शिरलं की हा माणूस कुणाच्या दारात हात पसरण्याआधी रस्ता झाडायला लागायचा. गटार मोकळी करायची, पाणवठ्याजवळचा चिखल काढायचा. कुणाची गाडी रुतली असली तर खांदा लावायचा, लाकडं फोडून द्यायची. मजुरी द्यायला कुणी आलं की हा पुढच्या वाटेला लागलेला. खायला मागायचा तर भाकर आणि चटणी-कांदा. शिळी असली तरी चालायची. गोडधोड, पक्वान्नं पुढे आली तर ती नाकारायचा. काही गावांनी वेडा समजून हाकललं, कुत्री अंगावर आली. कुठे पाणीही मिळालं नाही.

अमरावती जिल्ह्यात पूर्णा नदीच्या काठी ऋणमोचन नावाचं तीर्थ आहे. पौष महिन्यातल्या रविवारी तिथे यात्रा भरते. ऋण म्हणजे कर्ज, आणि ऋणमोचन म्हणजे कर्जातून सुटका. नावाप्रमाणे तिथे नदीत बुडी मारली की ऋण फिटतं अशी श्रद्धा. कर्जाने मामा गमावलेल्या माणसाने याच ठिकाणी आपलं पहिलं मोठं काम उभं करावं हा योगायोग लक्षात राहण्यासारखा आहे. नदीचा काठ चिकणमातीचा. आंघोळ करून वर येणाऱ्या बायाबापड्या घसरून पडायच्या. बाबांनी आधी स्वतः रेती आणून टाकली, मग १९०८ च्या सुमारास लोकांच्या मदतीने घाट बांधायला घेतला. बुडीने ऋण फिटो न फिटो, पाय घसरायचा तरी थांबला.

याच यात्रेत त्यांनी आंधळे, पांगळे, महारोगी यांना जेवू घालायला सुरुवात केली. इथे एक गोष्ट विचारात पाडते. जेवणावळींवर तोंडसुख घेणारा माणूस स्वतः मोठमोठी अन्नछत्रं चालवत होता. पण फरक कुणाला वाढायचं यात होता. बारशाला, तेराव्याला, लग्नाला जेवतात ते बहुतेक घरी जेवण असलेले लोक. पोट भरलेल्याला कर्ज काढून वाढायचं, आणि बाहेर मांडवाच्या कडेला उष्ट्याची वाट पाहत बसलेल्याला हाकलायचं, याची बाबांना चीड होती. त्यांच्या पंगतीत मानाचं पान त्या कडेला बसलेल्याचं असायचं. ते स्वतः मात्र बाजूला भाकर आणि चटणी खात.

रात्री कीर्तन. भाषा अस्सल वऱ्हाडी, जडजंबाल काही नाही. समोरच्या लोकांना प्रश्न विचारायचे आणि उत्तर त्यांच्याच तोंडून काढायचं, ही त्यांची पद्धत. देव दगडात नाही हा विषय असायचा, जातिभेदावर कोरडे असायचे, बकरं कापण्यावर असायचे. आणि हटकून असायचा तो हिशोब. लग्नात किती उडवले, सावकाराने किती दिले, व्याज किती झालं, शेत कुणाचं झालं. कर्ज काढून सण करू नका, कर्ज काढून तीर्थयात्रेला जाऊ नका, दारूत पैसा घालू नका, हे ते सांगत. ऐकणाऱ्यांमधल्या कित्येकांच्या घरी नेमकं तेच चाललेलं असायचं. त्यामुळे हसताहसता माणसं गप्प व्हायची.

पण बाबांची काटकसर म्हणजे नुसतं पोटाला चिमटा नव्हे, आणि ही गोष्ट बरेचदा निसटून जाते. त्यांचं सांगणं असं की वेळ आली तर जेवणाची ताटं मोडा आणि भाकर हातावर घेऊन खा, घरात स्वस्तातलं लुगडं वापरा, व्याह्यांची सरबराई जरा कमी करा, पण पोराला शाळेत घातल्याशिवाय राहू नका. वस्तूवर वाचवलेला पैसा त्यांनी कुठे लावायचा हेही सांगितलं. ताट पुन्हा घेता येतं. मामांच्या घरात एकाला जरी वाचता येत असतं, तर सावकाराच्या वहीत आपल्या नावापुढे काय चढवलंय ते कळलं असतं.

आज सावकाराची वही बरीच मागे पडली. तिच्या जागी मोबाइलवर दोन मिनिटांत मिळणारं कर्ज आलं, टीव्ही-फ्रिजचे हप्ते आले. अंगठा उठवायचा राहिला नाही, ओटीपी टाकायचा आला. नियम आणि अटींचं पान न वाचता खाली सरकवणाऱ्याला चंद्रभान मामांवर हसायचा अधिकार नाही. मांडवातल्या पंगतीचंही तेच. थर्माकोलच्या ताटांवर राज्यात २०१८ पासून बंदी आहे, पण कार्य झाल्यावर गावाबाहेरच्या नाल्यात काय साचलेलं असतं हे कुणी सांगायला नको. पळसाच्या पत्रावळी उकिरड्यात टाकल्या की खत व्हायच्या. पूर्वी गावकीची भांडी असायची, ज्याच्या घरी कार्य त्याने न्यायची, घासून परत ठेवायची. शे-दोनशे ताटं एकदा घेतली की पिढीभर पुरत.

बाबांनी स्वतःवर जे खर्च केलं नाही ते कुठे गेलं, हे पाहायचं तर पंढरपूरला जावं लागतं. वारीला आलेल्या अस्पृश्य मानलेल्या लोकांना तिथे उतरायला जागा मिळत नसे. नदीकाठी उघड्यावर पडून राहायचं. त्यांच्यासाठी बाबांनी लोकांकडून पैसा उभा करून चोखामेळा धर्मशाळा बांधली. तिचं काम १९१७ पासूनचं. पुढे १९४९ मध्ये ही धर्मशाळा त्यांनी डॉ. बाबासाहेब आंबेडकरांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीला देऊन टाकली, मुलांच्या शिक्षणासाठी. नाशिक, देहू, आळंदी, मूर्तिजापूर, सगळीकडे धर्मशाळा झाल्या. कुठे गोरक्षण, कुठे सदावर्त, कुठे शाळा आणि वसतिगृह. मुंबईत जे. जे. रुग्णालयाजवळ १९५४ मध्ये जी धर्मशाळा झाली ती पेशंटसोबत आलेल्या नातेवाइकांसाठी. गावाकडचं माणूस आजारी माणसाला घेऊन मुंबईला गेलं की रात्री फुटपाथवर झोपतं, हे बाबांनी पाहिलं होतं.

या सगळ्या कामात पैसा मोठा फिरला. पण बाबांनी तो स्वतःच्या हातात धरला नाही. विश्वस्त नेमले, हिशोब त्यांच्याकडे. ८ फेब्रुवारी १९५२ रोजी गाडगे महाराज मिशन स्थापन झालं आणि संस्था त्याखाली आल्या. आपल्या नात्यातल्या कुणाचा संस्थांवर हक्क राहू नये, याची त्यांनी काळजी घेतली.

याची झळ घरच्यांना बसली, हेही सांगितलं पाहिजे. धर्मशाळा बांधणाऱ्याची आई आणि बायको झोपडीत राहिल्या, हालअपेष्टा काढल्या. गोविंदा हा मुलगा १९२३ मध्ये वारला तेव्हा बाबा दूर कोकणात कीर्तनात होते. कुंताबाईंनी हे आयुष्य मागितलं नव्हतं. त्यांच्या वाट्याला ते आलं. बाबांचे गोडवे गाताना कुंताबाई आणि सखुबाईंचं नाव कुणी घेत नाही, आणि हे बरोबर नाही. कमी वस्तूंत घर चालवायचं ठरतं तेव्हा त्याचं ओझं बहुतेक वेळा घरातल्या बाईच्या डोक्यावर येतं, हे बाबांच्या घरातही खोटं नव्हतं.

शाळेत न गेलेल्या या माणसाभोवती शिकलेली मोठी माणसं जमली. कर्मवीर भाऊराव पाटील त्यांना फार मानत. रयत शिक्षण संस्थेने १९५४ मध्ये कराडला जे कॉलेज काढलं त्याला सद्गुरू गाडगे महाराजांचं नाव दिलं. प्रबोधनकार ठाकरे यांनी बाबा हयात असतानाच त्यांचं चरित्र लिहिलं. अमरावती विद्यापीठालाही आज त्यांचंच नाव आहे. लोक पाया पडायला यायचे तेव्हा मात्र बाबा पाय मागे घ्यायचे, हार घालू द्यायचे नाहीत. फुलांच्या हारावर घातलेला पैसा संध्याकाळी उकिरड्यात जातो, हा हिशोब त्यांना चांगला माहीत होता.

नोव्हेंबर १९५६ मध्ये मुंबईत वांद्रे पोलीस ठाण्यात त्यांचं कीर्तन झालं. ते ध्वनिमुद्रित झालं म्हणून त्यांचा आवाज आज मोबाइलवर कुणालाही ऐकता येतो. ऐंशी वर्षांचा थकलेला आवाज, पण समोरच्यांना प्रश्न विचारणं तसंच. ६ डिसेंबरला डॉ. आंबेडकर गेले. त्याचा धक्का बाबांना फार बसला असं सांगतात. तब्येत ढासळतच गेली.

२० डिसेंबर १९५६ रोजी अमरावतीकडे नेत असताना वलगावजवळ पेढी नदीपाशी गाडीतच त्यांनी प्राण सोडला. अमरावतीत जिथे समाधी झाली त्या भागाला आता गाडगेनगर म्हणतात. त्यांनी स्वतःच्या नावावर ना घर ठेवलं होतं, ना शेत. मागे राहिलं ते खापर, खराटा आणि ठिगळांचं कापड, आणि पंढरपूरपासून मुंबईपर्यंतच्या धर्मशाळांत त्या रात्री अंथरूण टाकून निजलेली अनोळखी माणसं.